दहापर्यंत

फोन म्हणतो, उजवीकडे वळा.
डेल्फीन हॅरो हसते. फेब्रुवारीत तिथे वळता येत नाही,
बर्फ ढकलणारा ट्रक सगळा ढीग त्याच कोपऱ्यावर ओततो.
बावीस वर्षं शाळेची एक्केचाळीस नंबरची बस
ॲक्रनच्या याच गल्ल्यांतून तिने नेली.
मग मुलं कमी झाली, दोन मार्गांचा एक झाला,
मग केक कापला.

आता घरामागे चार डॉलर.
ॲप नकाशावर लाल ठिपके टाकतं, तिने जायचं,
गाडीतूनच फोटो काढायचा, खुणा भरायच्या:
छतावर निळी ताडपत्री, पत्रपेटी तुंबलेली,
पायवाटेवरचा बर्फ उपसलेला नाही.
बाकीचं त्याला आधीच ठाऊक असतं,
थकलेला कर, गहाण किती फिटलं, मालकाचं वय,
फारकत कुठल्या साली नोंदली गेली,
डागडुजीला किती घाला, भाडं किती सुटेल,
आणि शंभरपैकी गुण.
घर जितकं खचलेलं तितके गुण जास्त.
असली शाळा तिने पाहिली नव्हती.

फिनिक्समध्ये कुणी दंतवैद्य आहे म्हणे.
दोन पेशंटच्या मधे तो स्लायडर सरकवतो:
साठ हजारांच्या आत, परतावा नऊ टक्क्यांच्या वर,
आणि सगळं ओहायो लुकलुकतं
त्याच्या तळहातावर.
वाईट नसेल माणूस. मुलीची कॉलेजची फी असेल.

सत्याऐंशी गुण. पिवळं घर, मोडका कठडा.
डेल्फीनच्या लेखी: सुब्बांच्या तिघी बहिणी,
नेपाळी बोलत चढायच्या, तिघींत हातमोजे चार.
एक्क्याण्णव. खिडकीला प्लायवूड.
इथून टायरेल बूट हातात घेऊन धावत यायचा.
एकदा तिने 'इतर टिपा'मध्ये हे लिहिलं होतं.
उत्तर आलं: कृपया मालमत्तेविषयीच लिहा.

सत्त्याण्णव.
एवढे तिने कुणाला मिळालेले पाहिले नाहीत.
व्हिटकोमांचं घर. पन्हळ लोंबते आहे,
पायऱ्यांवर आठवड्याचा बर्फ,
आणि त्या बर्फात एकाच पावलांची रांग,
दारापासून पत्रपेटीपर्यंत, पेटीपासून दारापर्यंत.
सपाता. घरात घालायच्या.

घर रिकामं आहे का?
हो. नाही. सांगता येत नाही.
डेल्फीन बोट धरून ठेवते, मग खरं ते दाबते: नाही.
चाक फिरतं. आकडा बदलतो.
नव्व्याण्णव.
मालकीण एक्क्याऐंशी, एकटी, राहत्या घरी:
विकण्याची शक्यता वाढली.

ती फोन उताणा सीटवर टाकते.
मागे डिकीत फावडं आहे. खांदा दुखतो आहे.
या घरचा क्विन्सी कधी वेळेवर यायचा नाही,
आणि बसचा नियम होता:
दार उघडं ठेवायचं, दहापर्यंत मोजायचं, मग निघायचं.
त्याची आई याच पायरीवरून ओरडायची, आलाच गं, आलाच.

डेल्फीन गाडीचं दार उघडते. गार वारा आत येतो.
एक. दोन.
सीटवरून आवाज: पुढच्या घरापर्यंत सहा मिनिटं.
सात. आठ.
वरच्या खिडकीत काहीतरी हललं,
पडदा असेल, हात असेल.
नऊ.

नऊनंतर ती थोडी थांबते,
आणि पुन्हा एकपासून मोजायला लागते.