एकशे त्र्याऐंशीवी फाइल

ऑस्ट्रावात, सायकल दुरुस्तीच्या दुकानाखाली,
तळघरात आम्ही गुरुवारी जमतो.
खुर्च्या चार. एकीला पाठ नाही,
उशिरा येईल त्याची ती.

झ्बिनेक दिवसभर ट्राम चालवतो
आणि नऊ वर्षं एक वही.
चौकोनी रेघांची, कोपऱ्यांवर ग्रीसची बोटं.
त्यात क्रम: कुठला मॉड आधी, कुठला मागून.
घोडे नदीच्या आधी, नदी पुलाच्या आधी,
पूल सगळ्यांत शेवटी,
नाहीतर रस्ता चार हात हवेत
आणि गाडीवान खाली, हाका मारत.
दाढ्यांचा मॉड आणि शिरस्त्राणांचा
एकत्र कधीच नाही. एका म्यानात दोन तलवारी.
एकदा ठेवून पाहिल्या,
राजाच्या हनुवटीतून लोखंड उगवलं.

त्या गुरुवारी विलेमने नवं अवजार आणलं.
विलेम एकोणीसचा, त्याला सगळ्याचीच घाई.
एक बटण. "क्रम लाव."
चाळीस सेकंद. हिरवी पट्टी भरत गेली
आणि आम्ही चौघं तिच्याकडे बघत राहिलो,
दूध उतू जाईल की काय असं.

"सुंठीवाचून खोकला गेला," ब्लाझेना म्हणाली.
रात्रपाळी होती तिची, कोट अंगातच.
झ्बिनेकने वही मांडीवरून खाली ठेवली,
मग परत उचलली.
"आणि पूल?"
"शेवटी," विलेम म्हणाला. "तेही तेच म्हणतंय."
झ्बिनेकने मान हलवली,
लेखी परीक्षेत पास झालेल्या पोराला
तोंडी विचारायचं राहिलंय, अशी.

मला मात्र राग आला, खोटं कशाला बोलू.
दोन तास जुळवाजुळव, वीस मिनिटं खेळ,
अकराला क्रॅश, शिव्या, शेवटची ट्राम:
हा आमचा गुरुवार होता.
आता सलग तीन तास नुसतं खेळायचं
म्हणजे नेमकं करायचं काय?

मधेच एक ओळ आली होती, लाल:
"ही फाइल कोणाचीच नाही. काढू?"
आम्ही वाचेपर्यंत
विलेमने हो म्हटलेलं होतं.

गेम सुरू झाला. अडखळला नाही.
घाट चढलो, पूल जागेवर,
नदीत पाणी, पाण्यात घोडे, घोड्यांना शेपट्या.
कोणी काही बोलेना. इतकं नीट कधी चाललंच नव्हतं.
संध्याकाळी डोंगरातल्या खानावळीत शिरलो.
चुलीत जाळ. टेबलावर पाव.
आणि छतातून बर्फ पडत होता,
पावावर, चुलीत, खानावळवाल्याच्या टकलावर.
तो आपला नेहमीसारखा म्हणाला,
"बरं झालं आत आलात. बाहेर फार गारठा आहे."

हसून हसून विलेम पाठ नसलेल्या खुर्चीवरून पडला.

हसू ओसरल्यावर ब्लाझेनाला आठवलं.
वेन्देलीन.
आठ वर्षांपूर्वी एका रात्रीत बसून केलं होतं त्याने ते,
छप्पर म्हणजे छप्पर, एवढंच म्हणत.
फाइलीला नाव दिलं नाही, कुठे नोंदवलं नाही.
नंतर ब्रनोला गेला, जुळ्या मुली झाल्या,
नाताळला एक निरोप, मग तोही नाही.
आत बर्फ पडत नाही, हे कोणाच्या लक्षात राहतं?

अवजाराचा काय दोष. त्याला मालक दिसला नाही.
आम्हालाही कुठे दिसत होता.

झ्बिनेकने वहीचं शेवटचं पान उघडलं.
त्याच्या अक्षरातल्या एकशे ब्याऐंशी ओळींखाली
दुसऱ्याच्या अक्षरात एक, तिरकी:
बर्फ. आत नको.

कचरापेटीतून फाइल काढायला विलेम वाकला
तर ब्लाझेना म्हणाली, थांब, पाच मिनिटं.
आणि ती उभ्या उभ्याच बघत राहिली
टेबलावरचा पाव पांढरा होताना,
चूल विझत नसताना.
मग टोपी घालून कामावर गेली.
बाहेर ऑस्ट्रावात नुसता चिखल होता.

त्यानंतर विलेमने पेन मागितलं.
वहीत पहिल्यांदाच, गिचमिड अक्षरात:
"अवजार विचारेल. नाही म्हणा."
झ्बिनेकने चष्मा लावून दोनदा वाचलं,
खाली तारीख टाकली.
चुकीची.