कोपरे

शनिवारी रात्री नऊच्या खेळाला दिवा फुटला.
हिरो अर्ध्या वाक्यात होता.
माणूस गेला, आवाज राहिला.
अंधारातच त्यानं उरलेलं बोलून टाकलं
आणि मग खालून शिट्ट्या.

पंधराशे तासांचा दिवा
आम्ही एकोणीसशे तास ओढला होता.
मालक म्हणायचे, "जळतंय न बे अजून?"
जळत होता.

गार व्हायची वाट बघितली.
मग जाड हातमोजे, तोंडावर काच, गळ्याला टॉवेल.
झाकण काढलं तर रिफ्लेक्टर उभा चिरलेला,
एका बाजूचा तुकडा गायब,
तळाशी ज्वारीच्या कण्यांसारखा चुरा.
तबरेज नदाफ ब्रशनं गोळा करत होता
आणि मोजत होता, का कोण जाणे.
एकशे चाळीसवर सोडून दिलं त्यानं.

राजेशम मामा असते तर बोलले नसते,
नुसते बघत राहिले असते माझ्याकडं.
कार्बनच्या दिवसांत त्यांचा आरसा
रोज सकाळी मलमलनं पुसलेला असायचा.
तांब्याचे शिंतोडे उडून उडून
त्याच्यावर देवी आल्यासारखे खड्डे,
तरी पुसायचे.
"पडदा कोण बी पुसतंय. तू आरसा पूस."

नवा पुण्याहून आला, रात्रीच्या गाडीनं.
पहाटे पुणे नाक्यावर ड्रायव्हरनं सीटखालून काढून दिला.
"काच हाय म्हणं. वाजली न्हाई."
दोन पगारांची काच,
आणि पुणेकरानं ती गुंडाळली होती कशात,
तर चादरीत.
मोराची, विटलेली, आपल्याच गावची.
कडेला कारखान्याचं नाव विणलेलं,
तो बंद पडून बारा वर्षं झाली.
अक्का तिथं कांड्या भरायची.

बसवताना श्वास दुसरीकडं सोडायचा.
बोट लागलं तर ठसा जळून
कायमचा राहतो.
तीन स्क्रू, एकही एकदम आवळायचा नाही,
पाव फेरा याला, पाव त्याला,
पंक्तीत वाढल्यासारखं.
वाकलो तर त्या खोलगटात माझं तोंड उलटं,
आणखी वाकलो तर सुलटं आणि भलतंच मोठं.
मधे कुठंतरी एका जागी
मी नव्हतोच.

ही काच मोठी हुशार.
उजेड तेवढा पुढं पाठवते,
उष्णता मागं जाऊ देते.
पुढं तीनशे खुर्च्यांना गार चांदणं,
मागं केबिनमध्ये मी,
बाहेर सोलापूरचा एप्रिल.

नवा दिवा लावला. रिकाम्या पडद्यावर पांढरं सोडलं.
मधोमध लख्ख, कडेला राख,
एका जागी जास्त भाजलेल्या भाकरीसारखं.
तबरेज मीटर घेऊन पडद्यापाशी.
"मधी सोळा! डाव्या कोपऱ्यात सात!"
मी नॉब फिरवला, केसभर.
"आठ! मधी बी वाढलं!"
मग दुसरा, मग परत पहिला.
"नऊ! नऊच हाय! ओ, झोपलाव काय?"
पाऊण तासानं
मधे चौदा, कोपऱ्यांत अकरा.
तबरेज पडद्यासमोर उभा,
त्याची सावली चारी बाजूंनी सारखी काळी.
"बास की," तो म्हणाला. बास केलं.

बाराच्या खेळाला चौदा माणसं आली.
त्यातली चार-पाच तरी एसीसाठी.

चादर घरी नेली. गच्चीवर दहादा झटकली होती,
तरी अक्काला एक कण सापडलाच.
तुटलेला धागा तिला
डोळ्यांआधी बोटांना कळायचा,
ती सवय गेलेली नाही.
नखावर धरून तिनं तो उन्हात फिरवला.
कडेला विणलेलं नाव वाचलं असेल,
त्याबद्दल काही बोलली नाही.
"काय फुटलेलं?"
सांगितलं सगळं, शिट्ट्यांसकट.
"मग हिरोचं फुडं काय झालं?"

मला माहीत नव्हतं.
त्याला आता दुसरा आठवडा, रोज चार खेळ लावतो,
अजूनही माहीत नाही.
मी कोपरे बघतो.