तुपाचा डबा

भायखळ्याच्या रोपवाटिकेत, पत्र्याच्या शेडमागे,
चिडाची चाळीस रोपं, वीतभर उंच,
कावीळ झाल्यासारखी.
नावातच चीड, पण रागावण्याचंही त्राण नाही.
मी रजिस्टरात लिहीत गेलो:
पाणी दिले. सावली दिली. शेणखत दिले.
ससून डॉकवरची सुकी कुटी दिली,
तेव्हा फक्त मांजरी आल्या.

माती मी स्वतः भाजून घ्यायचो
मोठ्या कढईत, परतून परतून,
वरून मोरचुदाचं निळं पाणी.
बुरशी म्हणजे आमच्या घरी
बरणीच्या तोंडाशी आलेली पांढरी लव,
दिसली की आई अख्खं लोणचं गटारात ओतायची.
एवढंच माझं शिक्षण.

रात्रपाळीचा हयातसिंग बिष्ट
रोपांवर टॉर्च मारून थांबायचा,
आजारी पोराच्या खाटेशी थांबावं तसा.
म्हणाला, साहेब, ही एकटी आहेत.
मी म्हटलं, चाळीस आहेत.
तो हसला नाही.

बहिणीच्या लग्नाला गेला पिथोरागढकडे,
परतला तो तुपाचा डबा घेऊन.
आत तूप नव्हतं.
म्हाताऱ्या चिडाखालची माती, कुजक्या सुयांसकट,
ओल्या गोणपाटाचा वास, थोडा अळंबीचा.
कुंडीमागे एक मूठ.
आणि ते निळं पाणी बंद, एवढंच बोलला.
ही नोंद मी केली नाही.
वरून विचारलं असतं, कुठल्या निविदेतली माती?

पुढच्या पौषात कुंडी बदलताना
मूळ हातात आलं:
आखूड, दुभंगलेली टोकं,
प्रत्येकाला कुणी मोजे चढवलेले,
आणि मोज्यांतून सुटलेले धागे
मातीच्या कणाकणाकडे
झाडासाठी उसनं मागत गेलेले.
झाडानं साखर द्यायची, त्यांनी क्षार आणायचे,
पावती नाही, साक्षीदार नाही.
आणि मी दोन वर्षं
हेच भाजत होतो कढईत.

चाळीसातली सात जगली.
तीही वाकडी. खारा वारा मानवत नाही,
उन्हाळ्यात शेंडे करपतात.
बिष्टचं कंत्राट संपलं, पत्ता त्यानं ठेवला नाही,
मीही मागितला नाही.
डब्यात आता कुंड्यांची लेबलं असतात;
झाकण उघडलं की अजून
कधी कधी डोंगर येतो नाकाशी.

परवा भाद्रपदात, चौथ्या झाडाच्या बुडाशी
बटणाएवढी तपकिरी छत्री उगवली.
गजराबाईंनी केरसुणी उचलली.
राहू द्या, म्हटलं.
अहो, बुरशी आहे ती.
हो, म्हटलं.