नझूल पट्टा

पवनीच्या तहसिलीत बाबू विचारतो,
पट्टेदार हजर?
पट्टेदार म्हणजे आमचे हे. अकरा सालीच गेले.
मी वच्छला गभणे, वारस.

जुन्या कागदावर चतुःसीमा :
पूर्वेस सडक, पश्चिमेस धोंडू कोष्ट्याचा माग,
उत्तरेस नाली, दक्षिणेस पडीत.
माग कधीचाच मोडला. पडितावर टॉवर.
नाली मात्र आहे बाप्पा, जिथली तिथं.

भुईभाडं किती, दंड किती,
बाबू बोटं मोडत मांडतो.
न्हाणी दीड हात सरकारात आहे,
हे मी कायले सांगू?

"तीस वर्षं वाढवून देतो, काकू.
पुढच्या खेपेला मुदतीच्या आत या.
असा उशीर नको."

एक्काहत्तर सरलं मले.
"येतो ना," म्हणते,
आणि अंगठ्याची शाई
पदराच्या आतल्या बाजूला पुसते.