हातचे बावन्न

पडद्यावर साबणाची तीनशे बारा खोकी.
मांडणीवर दोनशे साठ.
मधली बावन्न
कुतैसीच्या या गोदामात कुठेच नाहीत,
ना शाम्पूच्या थप्पीमागे, ना मोडक्या पॅलेटांखाली,
ना त्या कोपऱ्यात, जिथे छप्पर गळतं म्हणून
आम्ही नुसत्या बादल्या ठेवतो.

मी तीनदा मोजलं.
चौथ्यांदा गुरामने, खांबावर खडूने रेघा ओढत,
पाचापाचांच्या जुड्या बांधत.
चाळीस वर्षांत त्याने दुसरी वही ठेवली नाही.
"आकडा खोटं बोलत नाही," तो म्हणाला,
"त्याला कुणीतरी पढवतं."

बावन्न खोकी
म्हणजे लहान गाडीच्या दोन खेपा,
असं कुणीच म्हणालं नाही.
नजरा तेवढ्या वळल्या
फोर्कलिफ्टवरच्या झाझाकडे:
नवा, एकोणीस वर्षांचा,
त्खाल्तुबोहून पहिल्या बसने येणारा,
हातात कोरा करकरीत फोन.
संध्याकाळी फाटकावर पिशव्या उघडायचा आदेश निघाला.
आदेशात नाव कुणाचंच नव्हतं.
सही माझी होती.

काम कुठे थांबतं?
रिकोतीच्या घाटात बर्फ, टूथपेस्टचा ट्रक
दोन दिवस तिथेच.
राचाची गाडी भरायची तर ओनीचा माल आधी, पार आत,
कारण ओनी शेवटी;
अंब्रोलाउरीचा दाराशी.
आणि ओनीहून त्सियालाबाईंचा फोन:
माझे साबण?
पडद्यावर होते म्हणून आम्ही हो म्हटलं होतं.
त्या म्हणाल्या, मग पडदाच पाठवा,
गिऱ्हाईक त्यानेच अंग घासतील.

अकराव्या रात्री
मोरीतला साबण संपला.
फाटक्या खोक्यातून एक वडी काढली,
ओले हात तसेच,
आणि उगाच, खरंच उगाच,
उरलेल्या मोजल्या.
एकोणीस.
हातातली धरून वीस.

चोवीस हव्यात.
दुसरं खोकं फोडलं. चार ओळी, ओळीत पाच.
तिसरं. चार ओळी, ओळीत पाच.
तोच निळा रंग, तीच किंमत, तोच हसरा हंस,
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत: वीस.
कारखान्याने मार्चमध्ये खोकं आखूड केलं
आणि आमचा संगणक, शहाण्या मुलासारखा,
येणाऱ्या प्रत्येक खोक्याला चोवीसने गुणत राहिला.
जाणाऱ्याला मात्र वीसने.

दोनशे साठ चोक एक हजार चाळीस.
भागिले वीस.
बावन्न.

शाळेत हातचा विसरला की गणित चुकायचं.
आम्ही नसलेला हातचा घेत राहिलो
आणि तो कुणाच्या तरी पिशवीत
शोधत राहिलो.

चोवीस पुसून वीस लिहिलं.
एक बटण. तीनशे बाराचे
दोनशे साठ झाले, आवाजही न करता.
खतावणीत चुकलेली नोंद उलटी फिरवता येते:
तेवढीच रक्कम, समोरच्या बाजूला.
अकरा संध्याकाळींची
समोरची बाजू कुठली?

सकाळी झाझाला गाठलं. म्हटलं, खोकं वीसचं आहे.
मार्चपासून.
त्याने इंजिन बंद केलं नाही.
"माहीत आहे," म्हणाला.
"मी आलो तेव्हा दोन्ही असायची थप्पीत.
वरची हलकी लागायची उचलताना."
मग सांगितलं का नाहीस?
"विचारलं कुणी?
तुम्ही पिशवी उघड म्हणालात.
मी उघडली."

आदेश मी दुपारीच फाडला.
संध्याकाळी तो फाटकाशी आला, थांबला,
चेन ओढली, पिशवीचं तोंड रुंद केलं.
अर्धी भाकरी, कागदात खारं चीज, मोज्यांचा जोड.
पहारेकरी आभाळाकडे बघत होता.
मी बघितलं.
सगळं, एकेक करून,
मीच मोजायला हवं होतं म्हणून.

मग आत आले.
ओनीची गाडी उभी होती.
सगळ्यात लांबचं दुकान,
त्याचा माल सगळ्यात आधी.