दोन गुणांचा प्रश्न

प्रश्न पाचवा, उपप्रश्न आ:
रूपक अलंकाराचे स्वतःचे एक उदाहरण लिहा. गुण दोन.
'स्वतःचे'खाली मीच रेघ मारली होती,
तरी बेचाळीस पेपरांतून एकवीस मुखचंद्र उगवले,
अकरा चरणकमळे, सहा नयनकमळे,
एक 'मुखकमळचंद्र', त्याला मी हसून अर्धा दिला.
एक पेपर कोरा.

वर्गात मी फळ्यावर सापळे लावून ठेवतो:
सारखा, समान, परी, गत दिसलं
की उपमा सापडली.
जणू, भासे, गमे, वाटे: उत्प्रेक्षा.
'हे नव्हेच, ते आहे' म्हटलं, अपन्हुती.
आणि मधला शब्दच नाही,
दोघांत सुई जाईल एवढी फट नाही,
तर रूपक.
मुलं शब्द तपासतात,
पुष्पराज चौकात हवालदार लायसन तपासतो तशी.
(उपमा! मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच.)

एक्केचाळिसावा पेपर सांगलवाडीच्या भरत मगदूमचा:
'कृष्णामाई आमच्या घरी चार दिवस मुक्कामाला होती.
जाताना शिलाई मशीन घेऊन गेली.'
मी लिहिलं, चेतनगुणोक्ती. चूक. शून्य.
मग समोर आपल्याच भिंतीकडे लक्ष गेलं,
गावभागातल्या माझ्या भिंतीकडे,
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं ती रेघ,
दोनदा रंग देऊनही वर येणारी.
यात अलंकार कुठला?
ही पंचनाम्यातली ओळ.
तलाठ्यानं हीच लिहून घेतली असेल, फक्त 'माई' गाळून.
शून्याचा एक केला.
तेवढ्या 'माई'चा.

शेवटचा मुबीना नदाफचा:
'माझ्या आईचे हात हळद आहेत.'
बस्स. पुढं काही नाही.
दोनपैकी दोन. समासात लिहिलं, 'छान रूपक!'
मी उद्गारचिन्हं जपून वापरतो.

शनिवारी पालक सह्यांना आले.
मुबीनाची आई मार्केट यार्डाकडून थेट,
पॉलिशच्या कारखान्यातली पाळी सुटल्यावर.
नखांत, रेषांत, बांगड्यांच्या आत,
कोपराच्या वरपर्यंत.
मी बघत राहिलो तसे तिनं हात पदराखाली घेतले.
"साबणानं जात न्हाई वो सर.
ईदला मेंदीबी चढत न्हाई,
आधीच जागा धरून बसलीया ही."
(चेतनगुणोक्ती. मला मोजायची खोड आहे.)
कागद दाबून धरून तिनं सावकाश सही केली,
एकेक अक्षर वेगळं.
गेल्यावर पाहिलं,
अंगठा उमटला होता, नेमका 'रूपक'वर.

म्हणजे ते रूपक नव्हतंच.
पोरीनं दिसलं ते लिहिलं. फार तर स्वभावोक्ती,
जी पुस्तकात मागं असते, परीक्षेत क्वचित येते,
आणि मी तास संपता संपता उरकतो.
मग गुण परत घ्यायचे?
हे हात नव्हेतच, हळद आहे,
असं मनात म्हणालो
आणि बघतो तर ही अपन्हुती.
फळ्यावरच्या सापळ्यात माझाच पाय.

सोमवारी मुबीनाला विचारलं, हे कसं सुचलं?
तिला वाटलं, चुकलं काहीतरी.
"सर, आधी 'हळदीसारखे'च लिहिलं होतं.
पण पेन धरलेल्या बोटांना सकाळच्या भाकरीचा वास येत होता,
आणि भाकरीला हळदीचा.
म्हणून 'सारखे'वर व्हाइटनर लावला."

पेपर पुन्हा काढला.
'हळद' आणि 'आहेत' यांच्यामध्ये
एक पांढरा पट्टा, थोडा पोपडे आलेला.
सुई काय, बोट जाईल एवढी जागा.
तपासताना दिसली नव्हती.

दोन गुण तसेच ठेवले.
उद्गारचिन्ह खोडलं.