निळ्याखालचं नाव

एप्रिल. खाडीच्या कडेला अजून बर्फाची मळकी किनार.
शेडमध्ये सव्वीस होड्या, लाकडी ठोकळ्यांवर,
पोटं उघडी टाकून निजलेल्या.
नऊ नंबरची निळी माझ्या वाट्याला आलीय.
निळी, म्हणायचं झालं म्हणून.
बोट फिरवलं की बोटाला पांढरी भुकटी,
शाळेत फळा पुसून जागेवर आल्यावर असायची तशी.

"मेलीय का ही?" यान-एरिक विचारतो.
टुर्कूचा. मालक नवा, बूट नवे.
मेली नाही. ऊन खाल्लंय हिने.
तीस उन्हाळे,
आणि इथल्या उन्हाळ्यात रात्र नावालाच.

आधी साबण, कोमट पाणी.
मग पाण्यात बुडवून पॉलिशपेपर,
हजारचा, दीड हजारचा, दोन हजारचा.
निळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं
आणि बाहीत शिरतं. थंड.
यान-एरिकला वाटतं चमक डब्यात असते.
डब्यात असतं ते मेण. ते शेवटी.
चमक वरून लावत नाहीत,
वरचं काढावं लागतं, केसाच्या जाडीइतकं,
आणि काढलं ते गेलं.
भांड्याला कल्हई चढते.
होडी मात्र दर वेळी
थोडी कमी होऊन उजळते.

मागच्या बाजूची अक्षरं
हेअर ड्रायरने तापवून सोलली मी काल.
चिकट पट्ट्या गोळा होऊन पायाशी पडल्या,
नाव तिथंच राहिलं.
जिथं अक्षर होतं तिथं ऊन पोचलंच नव्हतं:
चार अक्षरं, गडद, ओल्या निळ्याची,
जशी होडी साच्यातून निघाली त्या दिवशी असेल.
एब्बा.

"हे जायला हवं," यान-एरिक म्हणाला आणि फोन घ्यायला बाहेर गेला.

यालमार दुपारी येतो, थर्मास घेऊन, गुडघा ओढत.
होडी विकली तरी शेड सुटत नाही त्याची.
उलट्या बादलीवर बसतो.
मी मशीन बंद करते. विचारू की नको.
बायको असेल. मुलगी असेल, लहानपणीच गेलेली.
"एब्बा कोण होती?"
तो कॉफीवर फुंकर घालतो, बराच वेळ.
"मला काय माहीत?
मी घेतली तेव्हा होतंच नाव.
विकणारा घाईत होता. बर्फ पडायला आला होता."
आणि मग, कप खाली ठेवत,
"एकोणीस वर्षं हाका मारल्या मी तिला.
वादळात तर शिव्याही."

मशीनला मेंढीच्या लोकरीची गादी.
एका जागी थांबायचं नाही, रंग भाजतो.
हात चालता ठेवायचा,
भाकरी थापताना फिरतो तसा, पण इथं
दाब देणारं ओझं मशीनचं, सोसणारं खांद्याचं.
शेवटचा ए आधी गेला.
मग ई. मग पहिल्या बीचं वरचं पोट.
आजूबाजूचं निळं वर येत गेलं
आणि नाव त्यात बुडत गेलं.

दुसऱ्या बीपाशी, कडेच्या वळणावर,
निळ्याच्या आत मला वीण दिसली.
उभा धागा, आडवा धागा,
कोपराशी विरलेल्या सदऱ्यासारखी काच.
मी मशीन उचललं.
याच्यापुढे रंग नाही, नुसती होडी आहे.

अर्धा बी राहिला.
यान-एरिकचं नवं नाव लांबलचक आहे, झाकेल.

मग मेण, हाताने, जुन्या बनियनच्या फडक्याने,
गोल गोल, धुकं धरेपर्यंत थांबून,
धुकं पुसून, परत एकदा.
शेडचं दार उघडं होतं, ते होडीत आलं.
दारातली खाडी आली. बादली आली,
बादलीवरचा यालमार आला, टोपी सरळ करताना.

तो उठला. जवळ आला.
एक बोट फिरवलं तिच्या कुशीवरून
आणि उजेडात धरून बघितलं.
काही नव्हतं बोटाला.
तरी त्याने ते पँटला पुसलं.